लाल पिन, पांढरी पिन

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. बसवकल्याणात लग्नाचं शूटिंग करणारे सात जण होते, आणि त्या सातांत एडिटिंग येणारा मी एकटा! बाकीचे सहा नुसती कापाकापी करायचे. मी, अनिलकुमार, 'रेणू डिजिटल'चा मालक, चालक आणि एकमेव कामगार. रेणू म्हणजे माझी बायको. दुकानाला तिचं नाव प्रेमापोटी दिलं, असं मी सांगतो. दुकानाची जागा तिच्या वडिलांनी मिळवून दिली म्हणून दिलं, असं ती सांगते.

ही दोन हजार सातची गोष्ट. तेव्हा माझ्या नावाचा दबदबा होता! नवऱ्याच्या तळहातावर नवरी उभी करावी तर मीच. चंद्रावर जोडपं बसवावं तर मीच. माझ्या मेव्हणीच्या, तुळजाच्या लग्नात तर मी अर्ध्या पंगतीच्या जागी सहा मिनिटं सलग गुलाबाचं फूल फिरवलं, आणि पाकळी उमलली की आत नवरा-नवरीचा फोटो!

"अर्धी पंगत कुठं गेली?" रेणूनं विचारलं.

"कला आहे," मी म्हटलं. कलेला कारण विचारत नसतात.

आता तुळजाचं लग्न सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. माझी सासुरवाडी कोहिनूर. तुळजाला दिली दुबलगुंडीच्या रेवणसिद्धप्पांच्या घरात. मुलगा नागराज पुण्याकडं चाकणला एका कंपनीत कामाला. माणसं चांगली, स्थळ चांगलं. आणि माझ्या सासूबाई तानुबाई म्हणजे आमच्या भागातला चालताबोलता रेडिओ! कोहिनूरमध्ये त्यांच्या गाण्याशिवाय कुणाच्या पोरीला हळद लागत नाही. आवाज असा गोड की ऐकत राहावं. जिभेचं नंतर सांगतो. माझ्यावर त्यांचा फार जीव! जावई नाही, मुलगाच मानतात, असं मी चारचौघांत नेहमी सांगायचो.

तर त्यांची हळदीची गाणी स्वच्छ यावीत म्हणून मी नवाकोरा बिनवायरचा माईक त्यांच्या पदराखाली खोचला. माझ्या कॅमेऱ्यात आवाजाच्या दोन वाटा आहेत, त्यांना चॅनल म्हणतात. एक नंबरच्या वाटेनं कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक: बँड, फटाके, भांडी, पोरं. दोन नंबरच्या वाटेनं सासूबाई. हळद झाली. लग्नाच्या सकाळी गाण्यांसाठी मी माईकचे सेल बदलले. आणि गाणी संपल्यावर माईक काढायचा विसरलो. सासूबाई तर तो लावलाय हेच विसरल्या. दिवसभर मांडवात, चुलीपाशी, पंगतीत, जिथं त्या गेल्या तिथं माईक गेला.

लग्नानंतर पाचव्या दिवशी तुळजा माहेरी आली. तिला न्यायला दुबलगुंडीहून मूळ, म्हणजे सासरची माणसं, येणार रविवारी, आणि मंगळवारी जोडपं पुण्याला निघणार. तिनं मला बाजूला बोलावलं.

"दाजी, एक मागू का? तिकडं एकच खोली हाय. हे सकाळी जातेत ते अंधार पडल्यावर येतेत. मी एकटी काय करू? मला आईची गाणी द्या. नुसती गाणी. त्याच्यावर सिनेमाची गाणी घालू नका."

पोरगी कधी काही मागत नाही. ताटात भाजी संपली तर कोरडी भाकर खाईल, पण 'वाढा' म्हणणार नाही. आणि असं कुणी आपलेपणानं मागितलं की मी फुशारकी मारतो, ही माझी जुनी खोड.

"नुसती गाणी काय मागतीस? एकाच सीडीत दोन सीड्या देतो! रिमोटवर डावा-उजवा आवाज करायचं बटण असतंय की न्हाई? डावीकडं सगळं लग्न, सिनेमाच्या गाण्यासकट. उजवीकडं फकस्त तुझी आई. बटण दाबायचं आन् आई गायला लागती!"

"खरंच?" तिचे डोळे चमकले.

"अख्ख्या जिल्ह्यात कुणी केलं न्हाई!"

कुणी का केलं नव्हतं, ते मला त्या आठवड्यात कळलं.

एडिटिंगच्या कार्यक्रमात दोन्ही वाटांचा आवाज एकत्रच बाहेर पडतो. तो सुटा काढायचा असेल तर एक बारीकसा चौकोन आहे, त्यावर खूण करावी लागते. तो चौकोन सापडायला मला दोन दिवस लागले! पहिल्या वेळी आवाजच आला नाही. दुसऱ्या वेळी आवाज आला, पण चित्र नाही. तिसऱ्या वेळी दोन्ही आलं, पण सासूबाई नवरदेवाच्या तोंडातून गात होत्या! चौथ्या वेळी कुठं दोन सुट्या फायली मिळाल्या. 'तुळजा लग्न आवाज एक' आणि 'तुळजा लग्न आवाज दोन'. मी खुर्चीतून उठून स्वतःची पाठ थोपटली. हात पुरला नाही, ते सोडा.

आता दोन नंबरमधली बडबड काढून गाणी तेवढी ठेवायची. तीन तासांचा आवाज कोण ऐकत बसतो? मी आवाज डोळ्यांनी वाचतो! पडद्यावर आवाजाची नक्षी दिसते. गाणं असलं की जाड, सलग पट्टा. बोलणं असलं की बारीक बारीक काटे. काटे दिसले की काप, पट्टा दिसला की ठेव. पंगतीच्या जागी तर एक भला मोठा डोंगर होता. मी म्हटलं, कुणीतरी फटाका लावला असणार. कापला डोंगर! साफ केलेली फाईल 'तुळजा लग्न आवाज दोन नवी' या नावानं ठेवली आणि वाजवून बघणार एवढ्यात लाईट गेली.

यूपीएस ओरडायला लागला. लाईट आली, गेली, आली. तिसऱ्यांदा आल्यावर मी घाईनं सगळं जोडायला घेतलं. फाईल निवडायच्या खिडकीत नावं अर्धीच दिसत होती. 'तुळजा लग्न आवाज दोन...' अशी एक, आणि 'तुळजा लग्न आवाज दोन...' अशी दुसरी. मी वरची घेतली. वरची गोष्ट चांगली असते, असा माझा समज.

सीड्या निघाल्या, तीन. दुकानातल्या टीव्हीवर तिन्ही तपासल्या. माझ्या टीव्हीला आवाजाचं एकच भोक. त्यात पांढरी पिन कायमची खोचलेली, म्हणजे डावा आवाज. बँड वाजतोय, सिनेमाची गाणी वाजतायत, फूल फिरतंय. झकास! शुक्रवारी दुपारी तिन्हींचा एक संच दुबलगुंडीला पोचवला, एक कोहिनूरला ठेवला. कोहिनूरला सासऱ्यांनी, इरप्पांनी, पेटी उघडलीच नाही. "लेक गेल्यावर बघू," म्हणाले.

शनिवारी सकाळी सातला नागराजचा फोन.

"दाजी, सीडीत काय टाकलाव?"

"कसं हाय फूल?" मी म्हटलं.

"फुलाला आग लागली! आई कालपासून जेवली न्हाई!"

"कामून?"

"कामून म्हणून मलाच इचारायलाव? काल सगळी गल्ली आमच्या घरी सीडी बघायला आल्ती. टीव्हीत आई पंगतीत बसलीया, आन् तुमच्या सासूबाईचा आवाज येतोय, 'इहीणबाईनं तिसऱ्यांदा बुंदी घेतली! आन् वर म्हनती, गोड लई झालंय!' तीस माणसांत, दाजी! वर आप्पा खोकायलेत, तर आवाज येतोय, 'इवाई बोलतेत कमी, खोकतेत जास्त.' आईनं तिथंच टीव्ही बंद केला. आई म्हनती, उद्या मुळाला कुणी जायाचं न्हाई. ज्या घरात आमचे घास मोजतेत, तिथं पाय ठेवणार न्हाई म्हनती."

माझ्या हातातला चहा थंड झाला. फोन ठेवून मी कॉम्प्युटर चालू केला. वरची फाईल. वरची! नवी खाली होती. रेणू मागं येऊन उभी राहिली.

"तुमी ती सीडी ऐकला व्हता का?"

"बघितली होती."

"ऐकला व्हता का म्हनते मी!"

"पांढऱ्या पिनेतून ऐकली होती."

रेणूनं कपाळाला हात लावला. मग आईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"मी काय खोटं बोलले?" सासूबाई तिकडून म्हणाल्या. "तीनदाच घेतली तिनं! आन् माईक कुणी लावला? मी मागितला व्हता? मानसानं आपल्या पदराखाली बी बोलू न्हाई का?"

मागून तुळजाचा आवाज आला, "आई, राहू दे गं." बस, एवढंच. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, हे मला रेणूनं सांगितलं. सकाळपासून पोरगी पिशवीकडं बघत बसली होती. मला इतकं वाईट वाटलं की मी तडक गाडीला किक मारली.

दुबलगुंडीपर्यंतच्या रस्त्यात मी एक वाक्य पाठ केलं: "मशीनची चूक हाय." गल्लीत शिरलो तर तिथं सभा भरलेली! मधोमध शेजारचे गुरप्पा, हात कमरेवर. समोर ओसरीवर कमलबाई, म्हणजे नागराजची आई. खाटेवर रेवणसिद्धप्पा, अधूनमधून खोकत.

"मी सकाळी तिन्ही सीड्या माझ्या घरी नेऊन बघितल्या की ओ!" गुरप्पा ओरडत होते. "एक शब्द वाईट न्हाई! बँड हाय, गाणी हायेत. कमलक्का, तुमच्या मनात पोरीला न्यायचं न्हाई, म्हणून हे काढलाव!"

"म्हंजे मी खोटं बोलायले?" कमलबाई उभ्या राहिल्या. "तीस मानसांनी ऐकलंय!"

"आमी बी धा जनांनी ऐकलंय!"

मी दारातून आतल्या टीव्हीकडं बघितलं, आणि मला सगळा उलगडा झाला. रेवणसिद्धप्पांच्या वायरीची पांढरी पिन उंदरानं कुरतडली होती, म्हणून त्यांनी टीव्हीत लाल पिन खोचली होती. म्हणजे उजवा आवाज, म्हणजे सासूबाई! गुरप्पांकडं पांढरी पिन. म्हणजे सिनेमाची गाणी. गल्ली दोन तटांत फुटली होती. लाल पिनवाले म्हणत होते, ऐकलं. पांढऱ्या पिनवाले म्हणत होते, खोटं.

"आलं बगा शूटिंगवालं पाहुणं!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"तुमीच सांगा," रेवणसिद्धप्पा म्हणाले. "सीडीत ते बोलणं हाय का न्हाई?"

आता सांगा, मी काय सांगणार? 'आहे' म्हणावं तर सासूबाई गुन्हेगार. 'नाही' म्हणावं तर कमलबाई खोट्या. दोन्हीकडून मूळ बोंबललं! पाठ केलेलं वाक्य इथं कामाचं नव्हतं.

"आप्पा, हाय बी आन् न्हाई बी," मी म्हटलं.

"असं कसं?"

"लाल पिनेत हाय. पांढऱ्या पिनेत न्हाई."

एक म्हातारी म्हणाली, "ह्येला ऊन लागलंय. पाणी द्या."

"येकाच सीडीत दोन आवाज?" गुरप्पा हसले. "मला खुळा समजलाव का?"

मी कळवळून सांगितलं, चॅनल सांगितला, चौकोन सांगितला, वरची फाईल सांगितली. जितकं सांगावं तितकी माणसं माझ्याकडं दयेनं बघायला लागली. शेवटी रेवणसिद्धप्पांनी खोकून निकाल दिला.

"गुरप्पा, तुझा टीव्ही आण. दोन्ही टीव्ही शेजारी ठेवू. सगळ्यास्नी कळू दे."

चौघांनी गुरप्पांचा टीव्ही मखरातला गणपती आणावा तसा आणला. एका सीडी मशीनला गुरप्पांची धड वायर जोडली; तिची पांढरी पिन गुरप्पांच्या टीव्हीत, लाल आणि चित्राची पिवळी रेवणसिद्धप्पांच्या टीव्हीत. जिल्ह्यात कुणी केलं नव्हतं ते मी करून दाखवत होतो, आणि मलाच ते नको होतं!

"दुसरी सीडी लावा," कमलबाई म्हणाल्या. "पंगतीची."

लावली. इकडच्या टीव्हीत सिनेमाचं गाणं धडाक्यात. तिकडच्या टीव्हीत पंगत बसलेली, आणि सासूबाईंचा आवाज, कानाशी बोलल्यासारखा स्पष्ट: "इहीणबाईनं तिसऱ्यांदा बुंदी घेतली बग..."

"हं!" कमलबाईंनी गुरप्पांकडं बोट केलं. "ऐकलास?"

गुरप्पांनी कमरेवरचे हात काढले. "चुकलं अक्का. हात जोडतो."

"दोनदाच घेतली मी!" कमलबाईंचा आवाज फुटला. "तिसऱ्यांदा वाढप्यानं टाकली! मी नको नको म्हनतच व्हते. आन् मला राग बुंदीचा न्हाई रे बाबा. हळदीच्या सीडीत काय गाईलीया ती बाई! 'दिली सोन्याची चिमणी, गं तुझ्या वळचणीला. दाणं टाक येळोयेळी, नको लावू मागायला.' माझ्या डोळ्याला पाणी आलं. म्हटलं, ह्या बाईची लेक मी तळहातावर ठेवीन. आन् लगेच दुसऱ्या सीडीत बुंदी!"

आता मात्र मला खाली बघवेना, वर बघवेना. सीडी बंद करावी म्हणून हात पुढं केला, तर रेवणसिद्धप्पा म्हणाले, "राहू द्या. सगळं ऐकू."

पडद्यावर पंगत गेली आणि माझं गुलाबाचं फूल आलं. गरगर फिरायला लागलं. मला एकदम आठवलं: इथंच तो डोंगर होता!

"अगं बाई, थोरल्या जावयाकडं बग!" टीव्हीतून सासूबाई म्हणाल्या. "शूटिंग करायलाय म्हनं! कॅमेऱ्याचं झाकण तसंच हाय की वर! केवढा येळ झाला, झाकणाचं शूटिंग करायलाय! डोळा कॅमेऱ्यात असंल तर दिसंल ना. डोळा बुंदीच्या टोपल्यात! चार लाडू त्या कॅमेऱ्याच्या पिशवीत गेलेत, मी मोजलेत. रेणूला बगायला आला तवा दुसऱ्याचा शर्ट घालून आल्ता, बाह्या बोटापर्यंत! हिच्या बापाला म्हटलं, मानूस नको बगू, शर्ट बग. आयकलं न्हाई. आता ते झाकण काढा म्हणून मी सांगणार न्हाई. किती येळ राहतंय बगू!"

आणि मग डोंगर आला. पाचसहा बायकांचं एकदम हसणं, एवढं की टीव्हीचा पत्रा वाजला. पडद्यावर फूल फिरतच होतं. सहा मिनिटं. आता अख्ख्या गल्लीला कळलं की फूल का फिरतंय.

पहिल्यांदा हसले रेवणसिद्धप्पा, आणि हसता हसता खोकले. मग गुरप्पा. मग लाल पिनवाले आणि पांढऱ्या पिनवाले एकत्र. मी वायरी गुंडाळत होतो. गुंडाळून झाल्या होत्या, तरी गुंडाळत होतो. शेवटी कमलबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत.

"अय्यो!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मला तर तिनं बुंदीवरच सोडलं की! जी बाई आपल्या जावयाला सोडत न्हाई, ती मला कामून सोडंल? तिच्या मनात काय न्हाई. जीभच तशी हाय." मग नागराजकडं वळून म्हणाल्या, "उद्या मुळाला मी येते. आन् मला जेवायला वाढ आधी."

रविवारी कमलबाई कोहिनूरला आल्या, सोबत डबाभर बुंदीचे लाडू. डबा त्यांनी सरळ सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. "घ्या इहीणबाई, मोजून घ्या." तुळजा दारातच थिजली. सासूबाईंनी झाकण उघडलं, एक लाडू उचलला आणि कमलबाईंच्या तोंडाशी नेला. "तुमी खावा अक्का. म्या मोजायचं सोडलं." दोघी हसल्या, आणि गळ्यात पडून रडल्याही. तुळजा पिशवी घेऊन गेली. जाताना तिच्या हातात मी नवी सीडी दिली, नुसत्या गाण्यांची. या वेळी खालची फाईल. गाडीत बसल्यावर तिनं ती पिशवीत न ठेवता मांडीवर ठेवली, हे मी बघितलं.

सासूबाईंनी मला जेवायला वाढलं तेव्हा वर बघितलं नाही. मीही नाही. फक्त बुंदी वाढताना म्हणाल्या, "घ्या जावईबापू, लाजू नका. पिशवी आणलाव न्हवं?"

निघताना कमलबाईंनी मला गाडीपाशी बोलावलं.

"पाहुणं, गल्लीत समद्यांनी सांगितलंय. ते झाकणाचं बोलणं तेवढं सुटं करून मिळंल का? मागचं गाणं नको, बँड नको. नुसता आवाज. निघतो का तसा?"

'निघत नाही' एवढं दोन शब्दांत म्हणता आलं असतं. पण माणसाचा स्वभाव जात नाही.

"आमच्याकडं कुठलाबी आवाज सुटा निघतो!" मी म्हटलं.

आणि काढून दिला. आधी पूर्ण ऐकून, फाईलचं अख्खं नाव वाचून, लाल आणि पांढऱ्या दोन्ही पिनांत वाजवून. माझ्या हातून आजवर बिनचूक निघालेली ती एकच सीडी.